मायनर कुठला घेऊ? बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला सविस्तर उत्तर

गोव्यातल्या वाळपईच्या एका मुलीचा प्रश्न आहे. बीएस्सीला केमिस्ट्री मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून, मिळाली, कॉलेज फोंड्याला, आणि येत्या गुरुवारपर्यंत मायनर म्हणजे जोडविषय, शिवाय मल्टिडिसिप्लिनरी, स्किल, व्हॅल्यू ॲडेड सगळं पोर्टलवर भरून लॉक करायचंय. मायनरच्या लिस्टमधे फिजिक्स, मॅथ्स, बॉटनी आणि कॉम्प्युटर आहे. मैत्रिणी सगळ्या बॉटनी घेतायत कारण मार्क मिळतात म्हणे, बाबा म्हणतात कॉम्प्युटर घे, हिच्या मनात पुढे एमएस्सी करायचं आहे नाहीतर फार्मा कंपनीच्या लॅबला लागायचं आहे, बारावीला मॅथ्स होतं पण ५८ मार्क. शिवाय तीन वर्षं की चार, एबीसी आयडी कशाला, आणि दुपारच्या प्रॅक्टिकलमुळे घरची बस चुकते तर बॅच बदलून मिळते का.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि दरवर्षी जून-जुलैमधे ॲडमिशनच्या टेबलावर बसते, त्यामुळे हे सगळे प्रश्न मला तोंडपाठ आहेत, पण तू ते इतके नीट लिहिलेस म्हणून उत्तरही सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. त्या फॉर्मवर सहा-सात रकाने दिसतात आणि सगळे सारख्याच आकाराचे दिसतात म्हणून मुलं घाबरतात, पण खरा निर्णय त्यात एकच आहे, मायनरचा. मल्टिडिसिप्लिनरी चुकला, व्हॅल्यू ॲडेड कंटाळवाणा निघाला, तरी तो एका सेमिस्टरचा प्रश्न, पुढच्याला दुसरा घेता येतो. मायनर मात्र तुझ्याबरोबर शेवटपर्यंत चालतो आणि पुढे कुठला दरवाजा उघडा राहतो कुठला बंद होतो ते बऱ्याच अंशी तोच ठरवतो. म्हणून तो निवडताना पहिल्या सेमिस्टरकडे बघू नको, सहाव्या सेमिस्टरनंतर तुला कुठे उभं राहायचंय तिथून मागे बघत ये.

आता क्रेडिटचा हिशोब, कारण तो कळल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल. आपल्याकडे २०२३-२४ पासून नवीन एज्युकेशन पॉलिसीचा पॅटर्न लागला. यूजीसीच्या चौकटीप्रमाणे तीन वर्षांची डिग्री १२० क्रेडिटची, चार वर्षांची १६०, म्हणजे वर्षाला ४० आणि सेमिस्टरला २०. तीन वर्षांच्या १२० मधे मेजरचे ६०, मायनरचे २४, मल्टिडिसिप्लिनरीचे ९, भाषेचे म्हणजे ॲबिलिटी एन्हान्समेंटचे ८, स्किलचे ९, व्हॅल्यू ॲडेडचे ६ ते ८ आणि इंटर्नशिपचे २ ते ४. हे चौकटीतले किमान आकडे, कुठल्या सेमिस्टरला काय येतं ते तुझ्या कॉलेजच्या हँडबुकात बघ, पण एकूण सांगाडा हाच.

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, आठवड्याला एक. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन. हे आर्ट्सवाल्या मुलांना फारसं लागत नाही पण सायन्सवाल्यांचं सगळं टाइमटेबल यावर उभं असतं. तुझा चार क्रेडिटचा केमिस्ट्रीचा कोर्स तीन थिअरी एक प्रॅक्टिकल असा असेल तर आठवड्याला पाच तास गेले. मायनर लॅबचा असेल तर त्याचे आणखी पाच. मल्टिडिसिप्लिनरी तीन, भाषा दोन, स्किल कोर्समधे एक क्रेडिट प्रॅक्टिकल असेल तर चार, व्हॅल्यू ॲडेड चार. झाले तेवीस. कागदावर वीस क्रेडिट, वर्गात तेवीस तास, आणि वाळपईहून येणारीला याच्यावर रोजचा प्रवास. म्हणून सिलॅबस उघडलास की कोर्सच्या नावाखाली थिअरी किती प्रॅक्टिकल किती हे लिहिलेलं असतं ती ओळ आधी वाच, नाव नंतर वाच. नुसत्या नावावर भुलून कोर्स घेणारी मुलं मी खूप बघितलीत.

बॉटनीला मार्क मिळतात हा मुद्दा आपण प्रामाणिकपणे हिशोबाने बघूया. सीजीपीए म्हणजे प्रत्येक कोर्सचा ग्रेड पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. मायनरचे २४, एकूण १२०. समजा बॉटनीत तुला मॅथ्सपेक्षा प्रत्येक कोर्सला पूर्ण एक ग्रेड पॉइंट जास्त मिळाला, तीनही वर्षं, एकदाही न चुकता, तरी सीजीपीए वाढणार ०.२ ने. बस एवढंच. आता उलटं बघ. मेजरचे क्रेडिट ६०, म्हणजे अर्धी डिग्री. मायनर असा घेतलास की ज्यामुळे फिजिकल केमिस्ट्री सोपी गेली आणि मेजरमधे सरासरी अर्धा पॉइंट वाढला, तर सीजीपीए वाढला ०.२५ ने. मैत्रिणींना हे गणित दाखव, वादावादी करू नको, फक्त दाखव. बॉटनी वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पुढे सांगते कोणासाठी चांगली ते, पण मार्कांसाठी म्हणून मायनर घेण्यात काही दम नाही.

तुझ्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. एमएस्सी केमिस्ट्री डोक्यात असेल तर फिजिक्स पहिला, मॅथ्स दुसरा.

का ते सांगते. पहिल्या वर्षाची केमिस्ट्री बारावीच्या जवळची असते, ॲटॉमिक स्ट्रक्चर, बाँडिंग, थोडी ऑर्गॅनिक, त्यामुळे मुलांना वाटतं मॅथ्स गेलं एकदाचं. मग कायनेटिक्स येतं. फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन घे, कॉन्सन्ट्रेशन कमी होण्याचा वेग हा त्या क्षणीच्या कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात असतो, एवढंच वाक्य आहे, पण ते लिहिलं की ते डिफरन्शियल इक्वेशन होतं, इंटिग्रेट केलं की लॉग येतो, लॉगचा वेळेबरोबर ग्राफ काढला की सरळ रेष, तिच्या स्लोपवरून रेट कॉन्स्टंट, आणि त्यावरून हाफ लाइफ ०.६९३ भागिले के. ज्या मुलीला ही साखळी डोळ्यासमोर दिसते तिला ईस्टर हायड्रोलिसिसचं प्रॅक्टिकल करताना दर दहा मिनिटांनी आपण टायट्रेशन कशासाठी करतोय ते कळतं. जिला दिसत नाही ती फॉर्म्युला पाठ करते, ग्राफ शेजारणीचा बघून काढते, आणि व्हायव्हाला एक्स्टर्नलने ही रेष सरळच का आली असं विचारलं की गप्प उभी राहते. त्यानंतर थर्मोडायनॅमिक्समधे पार्शियल डेरिव्हेटिव्ह, क्वांटममधे श्रोडिंगर इक्वेशन, हकल थिअरीत डिटरमिनंट. यातून सुटका नाही. एमएस्सीच्या प्रवेशासाठी असलेल्या आयआयटीच्या जॅम परीक्षेच्या केमिस्ट्री पेपरच्या सिलॅबसमधेच बेसिक मॅथ्स वेगळं दिलंय, मॅक्झिमा-मिनिमा, इंटिग्रल, डिफरन्शियल इक्वेशन, व्हेक्टर, मॅट्रिक्स, डिटरमिनंट, थोडी प्रोबॅबिलिटी. म्हणजे तुझी आवड काहीही असो, एमएस्सीच्या दारात ते विचारलं जाणारच.

मग मॅथ्सच पहिला का नाही म्हणत मी? कारण मॅथ्स मायनरच्या सिलॅबसमधे बरेचदा ॲनालिसिस, अल्जिब्रा असे कोर्स येतात, तिथे थिअरम सिद्ध करायचं असतं, गणित सोडवायचं नसतं. ते सुंदर आहे, पण ते बघून केमिस्ट्रीची पोरं हबकतात, आणि केमिस्ट्रीला लागणारं कॅल्क्युलस त्यातल्या एकदोन कोर्सातच असतं. फिजिक्सवाले लागणारं मॅथ्स वापरायला शिकवतात, शिवाय ऑप्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, मोजमापातली एरर काढणं असं हाताखालून जातं, आणि तेच पुढे स्पेक्ट्रोफोटोमीटर, एनएमआर, कंडक्टोमेट्री समजायला उपयोगी पडतं. पण तुझ्या कॉलेजच्या मॅथ्स मायनरमधे कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन, लिनियर अल्जिब्रा असे कोर्स लागोपाठ असतील तर मॅथ्सही उत्तम, त्यात लॅबचा वेळ कमी जातो आणि तुझ्या बसच्या दृष्टीने तेही बघण्यासारखं आहे. सिलॅबसची पीडीएफ काढून सहाही सेमिस्टरच्या मायनर कोर्सची नावं एका कागदावर लिही आणि मग ठरव. अर्धा तास लागतो. ॲडमिशनला येणाऱ्या मुलांपैकी हे करून आलेली मुलं फार कमी असतात, आणि ज्यांनी केलेलं असतं ती टेबलावर आल्या आल्या ओळखू येतात, कारण ती कुठला घेऊ असं विचारत नाहीत, चौथ्या सेमिस्टरला अमुक कोर्स कोण शिकवतं असं विचारतात.

५८ मार्कांचं मनावर घेऊ नको. बारावीला मॅथ्सला कमी पडलेली पण समजून करणारी मुलं इथे चांगली निघतात. बारावीला मॅथ्सच नसेल तर गोष्ट वेगळी, मग आधी कॉलेजची अट बघावी लागते, काही मायनरला बारावीला तो विषय असणं मागतात. तुला ती अडचण नाही.

बाकीच्या दोन पर्यायांबद्दल. बॉटनी कोणासाठी? जिला नॅचरल प्रॉडक्ट्स, बायोकेमिस्ट्री, पर्यावरणाची केमिस्ट्री याची मनापासून ओढ आहे तिच्यासाठी. आपल्या गोव्यात दोना पावलाला एनआयओ ही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली, तिथे समुद्राच्या पाण्याची केमिस्ट्री आणि सागरी जीवांमधली रसायनं यावर लोक आयुष्य घालवतात. वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं एनसीपीओआर आहे. जुन्या गोव्याला शेतीचं केंद्र आहे. एवढ्याशा राज्यात एवढ्या संस्था हाकेच्या अंतरावर आहेत आणि आपल्याच मुलांना त्याची कल्पना नसते याचं मला खरंच वाईट वाटतं. तिकडे जायचं असेल तर केमिस्ट्रीबरोबर बॉटनी किंवा झूलॉजी ही जोडी शहाणपणाची. तुझ्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही म्हणून मी तुला ती सुचवत नाही एवढंच.

कॉम्प्युटरबद्दल बाबांना सांग की त्यांचं म्हणणं चुकीचं नाहीय. डेटा हाताळता येणं, थोडं पायथन येणं हे आता केमिस्टलाही लागतं. पण त्यासाठी २४ क्रेडिटचा मायनर खर्च करायची गरज नाही, स्किल कोर्समधे किंवा स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर तेवढं शिकता येतं. आयटीतच जायचं ठरलं असतं तर मी उलटं सांगितलं असतं.

आणि फार्मा लॅबचं. वेर्णा, कुंडई इथल्या कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलला लागायचं तर मायनर कुठला याला तिथे फार कोणी विचारत नाही, हात कसा आहे ते बघतात. एचपीएलसी हे विश्लेषणाचं यंत्र काय करतं, स्टँडर्ड द्रावण कसं बनवतात, ब्युरेटचं रीडिंग डोळ्याच्या रेषेत घेतेस का, आकडा चुकला तर तो गिरवतेस की एक रेष मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख घालतेस. हे शेवटचं तर पहिल्या दिवसापासून जर्नलमधे सवय लावून घे, फार्मामधे खोडाखोड चालत नाही. म्हणून स्किल कोर्सच्या ९ क्रेडिटमधे ॲनालिटिकल टेक्निक्स, इन्स्ट्रुमेंटेशन असं काही दिसलं तर डोळे मिटून घे. आणि इंटर्नशिपचे जे २ ते ४ क्रेडिट आहेत ते कुठल्यातरी ओळखीच्या दुकानात सर्टिफिकेटपुरते उरकू नको, दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरपासूनच कंपन्यांना आणि संस्थांना ईमेल करायला लाग, एप्रिलमधे शोधायला निघालेल्यांना जागा मिळत नाही.

आता जागा. मायनरच्या जागा लॅबच्या बेंचवर ठरतात, त्यामुळे फिजिक्स फुल दाखवलं तर रडत बसू नको आणि हातात येईल ते लॉक करून मोकळीही होऊ नको. आपल्याकडे दरवर्षी एक गोष्ट घडते. बीएस्सीला नाव घातलेली बरीच मुलं डीटीईच्या म्हणजे तंत्रशिक्षण खात्याच्या ॲडमिशन राउंडची वाट बघत असतात, इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगला नंबर लागला की उठून जातात. प्रत्येक राउंडनंतर कॉलेजात जागा मोकळ्या होतात, मेजरच्याही आणि मायनरच्याही. म्हणून आत्ता दुसरी पसंती भर, पण त्याच दिवशी ऑफिसात साध्या कागदावर अर्ज दे की फिजिक्स मायनरला जागा झाली तर मला घ्यावं. रोल नंबर, मेजर, मोबाइल लिहायचा, दोन प्रती करायच्या, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेऊन ती स्वतःजवळ ठेवायची. तोंडी सांगितलेलं टेबलावरच राहतं. जागा निघाल्यावर क्लार्क ज्याचा कागद वर असेल त्यालाच फोन लावणार, यात कोणाचा वाईट हेतू नसतो, जुलैमधे त्यांच्याकडे मान वर करायला वेळ नसतो.

तरीही नाहीच मिळाला तर पहिल्या वर्षाच्या शेवटी मायनर बदलता येतो का ते विचार. यूजीसीच्या चौकटीत मायनर दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी ठरवायची मुभा आहे, आणि त्याच विद्याशाखेत मेजर बदलायचीही, पण प्रत्यक्षात जागा आणि टाइमटेबल जुळलं तरच होतं. आणि बदलताना आधीच्या मायनरचे क्रेडिट कुठल्या रकान्यात जाणार, नवीन मायनरचे राहिलेले कोर्स कधी करायचे, हे लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नको.

मल्टिडिसिप्लिनरीबद्दल थोडक्यात. नियम असा आहे की बारावीला शिकलेलाच विषय परत तिथे घेता येत नाही. सायन्सच्या बाहेरचं काहीतरी घे, इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी, गोव्याचा इतिहास, जे तुझ्या टाइमटेबलात मधल्या तासाला बसतं ते. इथे आवड आणि बस या दोनच गोष्टी बघायच्या. व्हॅल्यू ॲडेडमधे एन्व्हायर्नमेंटल येईलच.

भाषेचा रकाना मात्र मुलं फेकल्यासारखा भरतात, ते करू नको. आपल्या सत्तरी तालुक्यातली बहुतेक मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत टाकली जातात, दोन्ही भाषा अर्ध्या-अर्ध्या राहून जातात आणि मग तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायला बसवलं की एक पॅरा सलग होत नाही. इंग्रजीचा कम्युनिकेशनचा कोर्स मनापासून कर, आणि मराठी किंवा कोंकणी उपलब्ध असेल तर तीही घे, मार्कांसाठी नव्हे, जे समजलं ते स्वतःच्या भाषेत दुसऱ्याला समजावता यावं म्हणून. गावातल्या विहिरीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजून तुला आजीलाही सांगता आलं पाहिजे आणि रिपोर्टातही लिहिता आलं पाहिजे.

एबीसी आयडी. हा विषय कंटाळवाणा वाटतो पण यात अडकलेली मुलं मी बघितलीत म्हणून जरा वेळ घेते. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ साली आली. तुझे मिळवलेले क्रेडिट युनिव्हर्सिटी तिथे तुझ्या नावावर जमा करते, कॉलेज बदललंस, मधे थांबलीस, दुसऱ्या राज्यात गेलीस तरी ते बरोबर येतात. आयडी बारा आकडी असतो, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, डिजिलॉकरमधून निघतो, आता तिथे अपार या नावाने दिसतो. काम दहा मिनिटांचं. अडकतं कुठे तर नावात. आपल्याकडे गावकरचं स्पेलिंग एका कागदावर डब्ल्यूने असतं, दुसऱ्यावर यूने, तिसऱ्यावर ओएनने, दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव मधे आहे, आधारवर नाहीच, कुठे जन्मतारखेत दिवस-महिना उलटा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं. मग क्रेडिट जमा होत नाहीत आणि ते कळतं कधी, तर एमएस्सीच्या ॲडमिशनला. म्हणून आज संध्याकाळी आधार, दहावी आणि बारावीची मार्कशीट, जन्मदाखला एका ओळीत मांड आणि अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक असेल तर मार्कशीटप्रमाणे आधार दुरुस्त करून घे, मार्कशीट बदलणं जास्त जिकिरीचं. आधारला वडिलांचा मोबाइल जोडला असेल तर तोही आत्ताच स्वतःचा करून घे, नाहीतर प्रत्येक ओटीपीला बाबांना कामावर फोन.

याच्याच जोडीला, स्वतःचा क्रेडिटचा हिशोब स्वतः ठेव. एक वही, डाव्या बाजूला मेजर, मायनर, मल्टि, भाषा, स्किल, व्हॅल्यू, इंटर्नशिप असे रकाने, प्रत्येक रिझल्टनंतर कोर्सचा कोड, क्रेडिट, ग्रेड. माझ्या ओळखीत एका कॉलेजात एका मुलाचा भाषेचा दोन क्रेडिटचा कोर्स चुकून व्हॅल्यू ॲडेडमधे टाकला गेला, एकूण क्रेडिट बरोबर दिसत होते त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही, सहाव्या सेमिस्टरला भाषेचे दोन कमी आणि व्हॅल्यूचे दोन जास्त. मुलगा हुशार, पुढच्या ॲडमिशनची पत्रं हातात, आणि दोन क्रेडिटसाठी डिग्री अडलेली. निस्तरलं ते शेवटी, पण त्या महिन्यात त्याची आणि त्याच्या आईची जी धावपळ झाली ती कोणाच्या वाट्याला येऊ नये. एकूण बेरीज बघू नको, रकान्याप्रमाणे बेरीज बघ. कोर्स कोडही नीट बघ, फॉर्म लॉक केल्यावर जी पावती येते ती मोबाइलमधे फोटो काढून ठेव आणि छापूनही ठेव.

बॅक लागली, म्हणजे एखाद्या कोर्सला नापास झालीस, तर ती पुढच्या संधीलाच काढायची, विशेषतः मेजरची. आपल्याकडे जुलैमधे वर्ग सुरू होतात न होतात तोच चतुर्थी येते, घरी पाहुणे, मखर, आरत्या, आठवडा कुठे जातो कळत नाही, आणि परत येऊन बघावं तर आयएसए म्हणजे सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा तोंडावर आणि जर्नल अर्धं. चतुर्थीच्या आधी झालेल्या प्रयोगांचं जर्नल सही घेऊन पूर्ण करायचं असा नेम कर. ७५ टक्के अटेंडन्स थिअरीलाही लागतो आणि प्रॅक्टिकललाही, आणि प्रॅक्टिकल आठवड्याला एकदाच असल्यामुळे दोन-तीन चुकली की टक्केवारी धाडकन खाली येते. आजारी पडलीस तर डॉक्टरचा कागद त्याच आठवड्यात दे, सेमिस्टरच्या शेवटी आणलेल्या सर्टिफिकेटवर कोणी विश्वास ठेवत नाही.

स्वयमबद्दल तू विचारलं नाहीस पण लागेल. एखादा कोर्स टाइमटेबलात बसत नसेल किंवा कॉलेजात शिकवत नसतील तर स्वयमवर करून क्रेडिट घेता येतात, यूजीसीने ४० टक्क्यांपर्यंत मुभा दिलीय. स्वयमवरचा एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा, बारा आठवड्यांचा कोर्स तीन क्रेडिटचा धरतात, असाइनमेंटला २५ आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ असं वजन असतं. पण क्रम महत्त्वाचा, आधी डिपार्टमेंटकडून लेखी मान्यता की हा कोर्स अमुक रकान्यात धरला जाईल, मग एनरोलमेंट. आधी कोर्स करून मग सर्टिफिकेट घेऊन आलेल्या मुलांना परत पाठवताना मला फार जड जातं, कारण मेहनत खरी असते.

तीन की चार वर्षं? आज ठरवू नको. तीन वर्षांनंतर डिग्री घेऊन दोन वर्षांची एमएस्सी, किंवा चार वर्षांचं ऑनर्स करून यूजीसीच्या नव्या चौकटीतली एक वर्षाची एमएस्सी, दोन्हीकडे एकूण पाचच वर्षं. फरक असा की चौथ्या वर्षाला रिसर्चसकट ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, १२ क्रेडिटचा प्रोजेक्ट असतो, आणि पुढे थेट पीएचडीचा अर्ज करायचा तर चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के मागतात. शिवाय चौथं वर्ष तुझ्या कॉलेजात केमिस्ट्रीला चालतं का, पीएचडी गाइड आहेत का, इन्स्ट्रुमेंट आहेत का हे तिसऱ्या वर्षी बघायचं. तीन वर्षांनंतर ताळगावच्या पठारावर गोवा युनिव्हर्सिटीत जायचं तर जीयू-आर्ट ही प्रवेश परीक्षा, बाहेर जायचं तर फेब्रुवारीत होणारी जॅम. जॅमच्या वेबसाइटवर प्रत्येक संस्थेच्या प्रत्येक प्रोग्रॅमची अट वेगळी दिलेली असते, कुठे बारावीचं मॅथ्स पुरतं, कुठे डिग्रीत अमुक सेमिस्टर हवं म्हणतात, ती आत्ताच एकदा वाचून ठेव, मायनर ठरवायला मदत होईल. तुझ्यासाठी आत्ताचं काम एवढंच की सीजीपीए साडेसातच्या वर धरून ठेवायचा, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या.

आणि घरी काही अडचण आली, आजारपण, पैसे, काहीही, तर मधेच नाव काढून गायब होऊ नको. एका वर्षानंतर ४० क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा व्होकेशनल कोर्स किंवा इंटर्नशिप केली की सर्टिफिकेट, दोन वर्षांनी ८० आणि वर तसेच ४ असले की डिप्लोमा घेऊन थांबता येतं, आणि तीन वर्षांच्या आत परत येता येतं, एकूण सात वर्षांत डिग्री पुरी करायची. हे मुलींना मुद्दाम सांगते कारण लग्न ठरलं की शिक्षण संपलं असं अजूनही घरात धरून चालतात. संपत नाही. क्रेडिट तुझ्या नावावर जमा असतात.

राहिली बस. प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळते, पण पहिल्या आठवड्यातच. एकदा बॅचप्रमाणे लॉकर नंबर आणि त्यातली ब्युरेट, पिपेट, फ्लास्क सही घेऊन वाटले की लॅब असिस्टंट बदल करायला तयार होत नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे, एकाच्या लॉकरची फुटलेली पिपेट दुसऱ्याच्या नावावर जाते. म्हणून सकाळच्या बॅचमधली फोंड्यात किंवा कुर्टीला राहणारी कोणी अदलाबदल करायला तयार आहे का ते आधी शोध, तिची सही, तुझी सही, एकाच अर्जावर, आणि तो एचओडींना दे. कारण म्हणून नुसतं घर लांब आहे असं लिहू नको, शेवटची सोयीची बस फोंड्याहून किती वाजता सुटते आणि प्रॅक्टिकल किती वाजता संपतं हे दोन्ही आकडे लिही. मायनरची लॅबही दुपारीच असेल तर त्या डिपार्टमेंटलाही वेगळा अर्ज लागेल, केमिस्ट्रीचा तिकडे चालत नाही. सोमवारी जातेस तेव्हा दोन्ही बरोबर घेऊन जा, सिलॅबसचा तो कागदही घे, आणि गुरुवारची वाट न बघता बुधवारीच लॉक कर, शेवटच्या दिवशी पोर्टल उघडता उघडत नाही.